राजाचा स, आगीचा स

लंडनच्या ईलिंग भागात मी एका घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. खालच्या खोलीत इथिओपियाचे एक वयस्कर गृहस्थ राहायचे, केअर होममध्ये कामाला होते. मी ऑफिसात दिवसभर कोड लिहायची आणि घरी येऊन भांड्यांशी बोलायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

एकदा किचनमध्ये त्यांनी विचारलं, माझ्या मोबाईलवर गीझ लिहिता येईल का? गीझ ही त्यांच्या चर्चची जुनी भाषा. आपल्या संस्कृतसारखी, प्रार्थनेपुरती उरलेली. लहानपणी ती ज्यांनी शिकवली ते गुरुजी तिकडे अंथरुणाला खिळले होते, आणि ते आहेत तोवर त्यांना एक स्तोत्र लिहून पाठवायचं होतं. हात कापत असल्यामुळे पेन धरवेना, कॉम्प्युटर नव्हता आणि फोनवर नुसते चौकोन उमटत.

त्यांच्या लिपीतही बाराखडी असते हे कळल्यावर मी हुरळले. चटकन कीबोर्ड करून दिला. एक कळ दाबली की अ, दोनदा दाबली की आ, आपण घोकतो तसं. त्यांच्यात अ नंतर उ येतो, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आपल्या सवयीने लिहिलेली पहिली ओळ वाचून ते शांतपणे म्हणाले, "ही प्रार्थना नाही. ही तुझी शाळा आहे."

मला राग आला, पण क्रम बदलून दिला. मग त्यांनी सावकाश स्तोत्र लिहिलं आणि आम्ही त्याचं चित्र करून ईमेलने धाडलं. गुरुजींच्या मुलीने ते छापून त्यांच्या हातात दिलं.

काही दिवसांनी ते जिना चढून माझ्या दाराशी आले. डोळे भरलेले. गुरुजी गेले, असंच मला वाटलं.

"त्यांनी चूक काढली," ते म्हणाले.

त्यांच्यात स दोन, उच्चार एकच. एक त्यांच्या 'राजा' या शब्दात येतो तो राजाचा स, एक 'आग' या शब्दातला, तो आगीचा. आपला पोटफोड्या ष असतो ना, तसलाच घोळ. यांनी राजाच्या जागी आगीचा घातला होता, आणि गुरुजी पडल्यापडल्या फोनवर चांगलेच कडाडले होते.

"इतकी वर्षं इथे आहे. माझी चूक कुणाला कळलीच नव्हती."

ते हसत खाली गेले. मला त्यांचा हेवा वाटला. माझी आई माझ्या पत्रांतले ऱ्हस्वदीर्घ लाल पेनाने सुधारून पत्रं परत पाठवायची. ती गेल्यापासून मी काहीही लिहिलं तरी चालत होतं.