सभेची वेळ आणि कंपनीची बस

आमच्या घरी पत्रक छापायला देण्याआधी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत होती. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला, पण मनानं पूर्णवेळ कर्मचारी संघटनेचे. पत्रकं तेच लिहायचे. आई मेथी निवडत ऐकायची आणि मधेच म्हणायची, "इथं कळलं नाही." ते वाक्य जायचं. एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारे बाबा तिथं गप्प बसायचे. गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर.

त्यामुळे एम.ए.च्या प्रबंधाला विषय शोधावा लागला नाही. मानेसरच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार युनियनच्या सभांना का जात नाहीत, हा माझा प्रश्न. उत्तरही मुलाखतींच्या आधीच तयार होतं: भीती. कंत्राटदार उद्या गेटवरूनच परत पाठवेल, ही भीती. चौथं प्रकरण त्यावर उभं होतं आणि त्याची सुरुवात एका वेल्डरच्या वाक्यानं होत होती: "हम डर के मारे सभा में नहीं गए."

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले असताना मी ठरवलं, घरच्या पद्धतीप्रमाणे हे प्रकरण त्या वेल्डरला वाचून दाखवायचं. माझ्या गाइड म्हणाल्या, "मुलाखत झाली, संमतीवर सही झाली, आता परत कशाला जातेस?" मी गेले. रविवार होता. शेअर ऑटोच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीवर तो भेटला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, शांत माणूस. मी इंग्रजीतलं हिंदीत करत वाचू लागले. पहिल्याच वाक्याला त्यानं ग्लास खाली ठेवला.

"ये मैंने नहीं कहा था, मैडम."

"रेकॉर्डिंग है मेरे पास."

"तो सुन लो."

मी तिथेच फोन कानाला लावला. रेकॉर्डिंगमध्ये आधी माझा आवाज होता: "डर लगता होगा ना?" त्यावर तो म्हणाला होता, "डर तो सबको लगता है." मग पुढे, "सभा में कैसे जाएँ, बस निकल जाती है."

बस मी कापली होती. उरलेले दोन तुकडे जोडून एक वाक्य केलं होतं. यात लबाडी आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं. आमच्या घरी याला वाक्याला धार लावणं म्हणत. लोक लांबण लावतात, पत्रकात जागा कमी असते. प्रबंधात जागा भरपूर होती, तरी माझ्या हाताला तीच सवय.

त्यानं सगळं नीट समजावलं. शिफ्ट तीनला सुटते. कंपनीची बस सव्वातीनला निघते. युनियनची सभा शिफ्ट सुटल्यावर गेटवर. कायम कामगारांकडे मोटरसायकली आहेत, ते सभा संपल्यावर आरामात जातात. याची बस चुकली की दोन ऑटो बदलायचे, आणि तोवर खोलीवरचं चारचं नळाचं पाणी येऊन गेलेलं.

"सभा का टाइम किसने रखा, ये मोटरसाइकिल वालों से पूछना," तो म्हणाला. मग हसला. "आप तो छुट्टी के दिन आती हो. आपको टाइम की समझ है."

घरी येऊन मी सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकली. बस कितीतरी जणांच्या बोलण्यात होती. मी ती 'प्रवासाच्या अडचणी' म्हणून एका तळटीपेत ढकलली होती.

प्रकरण बदलतेय म्हटल्यावर बाबा भडकले. "हे मालकाच्या हातात कोलीत देणं आहे. कंत्राटी पद्धत आणली कुणी? आणि तू बोट दाखवणार युनियनकडे."

"मालकाकडेही दाखवलंय बाबा, आधीची तीन प्रकरणं. आपल्या माणसांची चूक आपण नाही लिहायची तर कुणी लिहायची?" मग विचारलं, "तुमची सभा किती वाजता असायची?"

"साडेपाचला. ऑफिस सुटल्यावर."

"आणि तुमच्या खात्यातल्या बायका पाच-चाळीसची चार्टर्ड बस पकडायच्या," आई म्हणाली. "दर पत्रकात तुम्ही लिहायचात, महिला कर्मचाऱ्यांनी उदासीनता सोडावी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही मला पत्रक वाचून दाखवायचात. वेळ ठरवताना कुठे विचारलंत?"

बाबा उठून बाल्कनीत गेले.

मी चौथं प्रकरण मुळापासून लिहिलं. भीती काढली नाही. ती खरी आहे आणि कंपनी ती रोज पेरते. पण सभेची वेळ ठरवताना ज्यांना विचारलंच नाही, त्यांच्या न येण्याला भित्रेपणा म्हणायचा हक्क कुणाला नाही, हेही लिहिलं. मवाळ शब्द शोधत बसले नाही. गाइड म्हणाल्या, "हे राजकारण आहे की बसचं वेळापत्रक?" मी म्हटलं, "मॅडम, वेळ कुणाच्या सोयीची, यापेक्षा मोठं राजकारण मला मानेसरमध्ये दिसलं नाही." त्यांनी ते वाक्य निष्कर्षात घालायला सांगितलं.

जमा करायच्या आदल्या दिवशी वेल्डरला फोनवर सुरुवात वाचून दाखवली. त्याचं बोलणं आता अख्खं होतं, बससकट.

"हाँ," तो म्हणाला. "ये मैंने कहा था."

मग आईला मराठीत सांगत वाचलं. दोन ठिकाणी तिला कळलं नाही. दोन्ही वाक्यं गेली. बाबा पेपर वाचत असल्यासारखे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माणसाला दाखवलंस वाचून?"

"दाखवलं."

"मग दे जमा करून."