येर म्हणजे पाणी
ड्रॉवर आवरताना परवा जुना डोंगल हाती लागला आणि इतक्या वर्षांनीही डोकं तापलं. गडचिरोलीत माझं डीटीपीचं दुकान होतं, तेव्हा हा खडूएवढा तुकडा कॉम्प्युटरच्या मागे खोचल्याशिवाय मराठी फॉन्ट चालतच नसे. जंगलातल्या गावचे एक म्हातारे भाऊ शाळेसाठी गोंडी शब्दांची पुस्तिका करून घेत होते. दर बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे, माझ्या शेजारी स्टुलावर बसून एकेक शब्द तपासायचे. "बाई, येर म्हंजे पाणी. 'र'ले काना नको देऊ." छपाई नागपूरला होती. फॉन्ट मी रीतसर विकत घेतलेला, तरी तो फाइलमध्ये घालून पाठवायचा परवाना नव्हता. प्रेसनं आपला वेगळा घ्यावा, असं कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. प्रेसवाला म्हणाला, आहे आमच्याकडे. नव्हता. छापलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा आला, सुतळी भाऊंनीच सोडली. फॉन्ट नसल्यानं पानोपानी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. येरच्या जागी एक अर्धविराम आणि दोन इंग्रजी अक्षरं. मी तिथल्या तिथे प्रेसला फोन लावला. "मले वाटलं, गोंडी अशीच लिवत असतीन," तो शांतपणे म्हणाला. भाऊंनी खिशातून पेन काढला आणि पहिल्या प्रतीवर येर लिहायला घेतलं. आता फॉन्ट फुकट मिळतात, परवान्याचा राग कधीच निवला. पण पुस्तिका मराठी असती, तर त्या प्रेसवाल्यानं पहिल्याच पानाला मशीन थांबवली असती.