शुभदाचा पाट

शुभदा गेल्याचं मला आईने सांगितलं. मी सकाळी वाणसामानाची यादी करत बसले होते. आई फोन हातात घेऊन आली आणि म्हणाली, "शुभदा गेली गं... झोपेतच." शुभदाच्या मुलाने फोन आईला केला होता. कोपरीतल्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसलो, बी.एड.ही बरोबरच केलं, आणि फोन मात्र आईला. रडू यायच्या आधी मला हे लागलं. आता दोनेक महिने होत आले, तरी लागतंच. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मला ते जमलेलं नाही, आणि जमलं असं इथे खोटं लिहिणार नाही.

आम्ही दोघीही इंग्रजीच शिकवायचो. मी कोपरीत, शाळेतल्या मुलांना. ती लग्नानंतर डोंबिवलीला गेली आणि तिथे तिच्याकडे यायच्या त्या बहुतेक आज्या, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या. माझ्या भिंतीवर तक्ता होता: इन, ऑन, ॲट असे तीन रकाने, खाली लाल शाईत अपवाद. मुलांना त्यावर मार्क मिळायचे, हेही सांगितलं पाहिजे. शुभदाकडे तक्ता नव्हता, वेळापत्रक नव्हतं. माझी नेलेली पुस्तकं तिच्याकडून कधी परत आली नाहीत. वर्ग चारचा असेल तर सव्वाचारला ती हात पुसत स्वयंपाकघरातून यायची. तरी तिच्या दिवाणखान्यात बसायला जागा नसायची.

सात-आठ वर्षांपूर्वी भावाचं कॅनडातून बोलावणं आलं, वहिनीला दिवस गेले होते. आईला तिकडे एकटीने जायचं होतं. मी लगेच आखणी केली, रोज चहानंतर एक तास. आठवडाही झाला नाही आणि आई म्हणाली, मी शुभदाकडे जाते. दुखरे गुडघे घेऊन, कोपरीहून डोंबिवलीला. घरात मास्तरीण असताना हे कशासाठी, असं मी विचारलं. आई म्हणाली, "तू लगेच बरोबर काय ते सांगतेस. मग मला काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं."

एकदा मी मुद्दाम तो वर्ग बघायला गेले. फरशीवर खडूने मोठा चौकोन काढलेला, शेजारी जेवणाचा जुना पाट, पितळी फुल्यांचा. शुभदा सांगत होती, "आपण घरात म्हणतो, उन्हात म्हणतो, दारात म्हणतो, एकाच 'त'वर भागवतो. इंग्रजीत तसं नाही चालत. आधी चित्र बघा, मग शब्द उचला." मग एकेकीला उठवायची. चौकोनात उभी राहिली, चहूकडून वेढली गेली, की इन. पाटावर चढली, पाऊल टेकलं, की ऑन. आणि नकाशावर बोट ठेवावं तसं नुसतं ठिकाण दाखवायचं असेल, दारापाशी, स्टॉपवर, तर ॲट. वेळेचंही तिने तसंच बसवलं होतं. घड्याळाचा काटा नेमकं बोट ठेवतो म्हणून वाजले की ॲट, कॅलेंडरच्या घरावर वार टेकलेला म्हणून ऑन, महिना आणि वर्ष आपल्याला वेढून असतात म्हणून इन. एका आजींनी अडवलं, मोटारीला इन आणि बसला ऑन, हे काय म्हणून. शुभदा म्हणाली, "मोटारीत उभं राहून पदर सारखा करता येतो का? बसमध्ये येतो. पायाखाली तिची जमीन असते." सगळ्या हसल्या. मी वर्षानुवर्षं ते लाल शाईत लिहीत आले होते.

वेट फॉर, डिपेंड ऑन, मॅरीड टू ही तिच्या लेखी जोडपी. यांचं कसं जुळलं ते विचारत बसू नका, बोलावताना जोडीनेच बोलवा, असं ती सांगायची.

मग आईची पाळी आली. आई दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आय ॲम इन द डोअर." मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात शुभदाने माझ्या मनगटावर हात ठेवला. ती स्वतः खिडकीबाहेर बघत होती, जसं काही तिला घाईच नाही. आईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग चौकोनाकडे, मग पाटाकडे... आणि हळूच म्हणाली, "ॲट." आईचा चेहरा असा उजळलेला मी माझ्या घरात पाहिला नव्हता.

निघताना जिन्यात मी शुभदाला म्हटलं, माझ्या आईवर तू काय जादू केलीस ते सांग. ती म्हणाली, "विजू, अगं मी काय तिची मुलगी आहे? माझ्यासमोर चुकलं तर तिचं काय जातं?" मी हसले. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं. पुढे आई कॅनडाला पोचली, विमानतळावरच्या अधिकाऱ्याने काय विचारलं आणि तिने कसं उत्तर दिलं, हे सगळं तिने आधी शुभदाला फोन करून सांगितलं. मला दुसऱ्या दिवशी, तेही थोडक्यात.

शुभदा गेल्यावर तिच्या मुलाबरोबर बसून घर आवरायची आखणी मीच केली. पुस्तकं कुठे द्यायची, साड्या कोणाला. आईने फक्त पाट मागितला. तो आता आमच्या हॉलमध्ये आहे, माझ्या तक्त्याच्या बरोबर खाली. त्यानंतर आईने इंग्रजी बोलणंच सोडलं. नातवाचा फोन आला की जेवलास का, झोपलास का, एवढं मराठीत विचारून फोन माझ्याकडे द्यायची. मी म्हटलं, मी आहे ना, माझ्याशी बोल. "हो गं," म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

गेल्या रविवारी नातवाचा व्हिडिओ कॉल आला. आजी, अंधारात दिसतेयस, कुठे आहेस, असं त्याने इंग्रजीत विचारलं. आई उजेडासाठी गॅलरीच्या दाराशी गेली आणि किती दिवसांनी बोलली, "आय ॲम इन द डोअर." मी इस्त्री करत होते. बरोबर शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. शुभदा बघायची तशी... आई थांबली. वळून तिने पाटाकडे पाहिलं. "ॲट," म्हणाली, "ॲट द डोअर." पोरगं त्याच्या शाळेतलं काहीतरी सांगू लागलं आणि आई त्याला इंग्रजीत उत्तरं देत राहिली, चुकत, थांबत, मजेत.

मी गप्प राहिले होते, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

रोज केर काढताना मी तो पाट उचलते, खालची फरशी पुसते, पाट पुसते. परवा एकदा तो खिडकीखाली सरकवून पाहिला, तिथे नीट दिसला असता. संध्याकाळी आईने तो उचलून परत जागेवर आणून ठेवला.