जायफळाचे दोन वेढे

मुलगी बाळंतपणाला बडोद्याला आली ती दोन बॅगा आणि एक खूळ घेऊन आली. पुण्यात तिच्या ऑफिसखाली कॉफीचं दुकान आहे. तिथे म्हणे सप्टेंबर लागला की पानगळीच्या चवीची थंड कॉफी मिळते. त्यात लाल भोपळा, दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ असतं. नात चार महिन्यांची झाली तसा तिने त्या कॉफीचा घरीच हट्ट धरला. मी म्हटलं, "आपल्याकडे ऑक्टोबरात पानं गळत नाहीत, घाम गळतो." त्यावर ती म्हणाली, "म्हणून तर बर्फाची हवीय ने बाबा!" पुण्यात चार वर्षं काढूनही पोरीच्या बोलण्यातलं बडोदं काही गेलेलं नाही.

निवृत्त माणसाला काम सांगायला कुणी संकोचत नाही, त्यामुळे ही कॉफी माझ्या गळ्यात पडली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. भोपळ्याच्या फोडी उकडायच्या, लवंग-सुंठ घालून गुळात शिजवायच्या आणि गाळून पाक करायचा. कडक काळी कॉफी बर्फाच्या साच्यात गोठवायची, म्हणजे बर्फ वितळला तरी पेला पाणचट होत नाही. त्यावर थंड दूध, पाक, दालचिनीची पूड आणि शेवटी जायफळ. रावपुऱ्यातल्या दुकानदाराला सांगितलं तर तो हसत सुटला. "काका, कोफीमां जायफळ? ऊंघी जशो!" झोप लागेल म्हणून बजावलं आणि चांगली जड जायफळं निवडून दिली. बायकोने मुलीला दम भरला, "अंगावर पाजतेस, रोज एकच पेला."

एक गोष्ट मात्र मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. मला वास येत नव्हता. फेब्रुवारीत सडकून ताप आला होता, तो जाताना माझं नाक घेऊन गेला. तीस वर्षं मी रसायनांच्या कारखान्यात काढली. कुठे बारीकशी गळती झाली तर यंत्राआधी माझं नाक सांगायचं, आणि त्याचा मला भलता गर्व होता. घरातही तोच रुबाब. आमच्या बरण्यांवर कधी चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत. मी होतो ना! एवढं मिरवल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगणार? गोड, आंबट, खारट, तिखट जिभेला कळत होतं. तेवढ्यावर निभावून नेत होतो आणि बायकोच्या प्रत्येक पदार्थाला "फर्मास" म्हणत होतो.

जूनमध्ये नात झाली आणि सोंग अवघड झालं. जो येई तो तिला उचलून घेई, टाळूला नाक लावी आणि डोळे मिटून घेई. शेजारच्या गुजराती काकी तर "आहाहा!" करत किती वेळ खालीच ठेवायच्या नाहीत. मीही नाक लावायचो, डोळे मिटायचो, "वा!" म्हणायचो. पण नाकाला नुसती हवा लागायची. मांडीवर असूनही पोर खिडकीच्या काचेपलीकडे असल्यासारखी वाटायची. दिवाळी झाली की ती पुण्याला जाणार होती. तान्ह्या बाळाचा तो वास टिकून टिकून किती दिवस टिकतो? तो मला कधीच कळणार नाही, या विचाराने मी आतून खचलो होतो.

दसऱ्याच्या आधी बायकोने फडताळ आवरलं आणि बरण्यांच्या जागा बदलल्या. मी आपला डावीकडून तिसरी ती दालचिनी, अशा बेताने चालणारा. मुलीने पहिला घोट घेतला आणि बेसिनकडे धावली. "बाबा, हे काय घातलंत? धने-जिरे आहे हे!" तोवर मी माझा पेला अर्धा संपवला होता. तिने माझ्या पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

साठी उलटलेला मी, ओट्याला टेकून रडलो. बायको आधी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे आठ महिने माझ्या करपलेल्या आमटीलाही फर्मास म्हणत होतात?" असं म्हणून तीही डोळे पुसायला लागली.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. ओळखीचे वास रोज घ्या आणि घेताना ते आठवा. मुलीने लगेच बाळाची गुटी उगाळायचं काम माझ्याकडे दिलं. रोज सकाळी सहाणेवर दूध घेऊन वेखंड, हळकुंड, खारीक, सुंठ आणि जायफळ उगाळायचं. जायफळाने झोप येते, म्हणून त्याचे दोनच वेढे. दुपारी सहाण धुऊन पुन्हा दोन वेढे, ते आमच्या कॉफीला. दोन्ही वेळा जायफळ नाकाशी धरायचं आणि आठवत बसायचं.

वास नव्हता, म्हणून मी ते बघायला लागलो. जन्मभर जायफळ वापरलं, पण नीट पाहिलं नव्हतं. उगाळलेल्या बाजूला तपकिरी-पांढऱ्या रेषांची केवढी नाजूक नक्षी असते! सुपारीएवढ्या त्या बियेत आमच्या बाळाची झोप होती, आईच्या हातचं श्रीखंड होतं आणि मुलीची पुण्यातली पानगळही होती. हे सगळं कुणी आणि कसं भरलं असेल, याचं मला नवल वाटायचं. कारखान्यात असं काही करायचं तर केवढाल्या टाक्या नि नळ लागले असते.

भाऊबीज झाली. जावई न्यायला यायला चार दिवस उरले. दुपारी मी नेहमीप्रमाणे कॉफीसाठी जायफळ उगाळत होतो. दुसरा वेढा पुरा झाला आणि कुठेतरी काहीतरी हललं. लांबच्या घरात कुणीतरी दार उघडावं, तेवढंच. वाटलं, आठवणच असेल. लवंगेची बरणी उघडली, काही नाही. हिंगाची उघडली, तरी काही नाही. पुन्हा सहाणेवर वाकलो. होता! उबदार, जरासा कडवट, जरासा गोड. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो तर जाईल अशी भीतीही वाटली. मुलीच्या हातात पेला देण्याचंही भान राहिलं नाही. तसाच बाहेरच्या खोलीत घोडियापाशी गेलो. इकडचा तो झोळीचा पाळणा, नात त्यात जागीच होती.

वाकून तिच्या टाळूला नाक लावलं. आधी खोबरेल लागलं, मग आंबूस दूध, सकाळच्या गुटीतलं जायफळ. आणि त्यांच्या खाली आणखी एक वास होता. तीस वर्षांत मी शेकडो वास ओळखले, याला मात्र माझ्याकडे नाव नव्हतं. इतका कोवळा वास जगात असतो आणि तो आमच्या घरात पाच महिने होता! फरशीवर बसलो आणि पुन्हा नाक लावलं.

"बाबा, बर्फ वितळला ने सगळा!" मुलीने आतून हाक मारली.

पाच महिने ज्या पोरीला मी कडेवर घेऊन फिरलो होतो, तिला हलकेच म्हटलं, "मी तुझा आजोबा."