त्या दिवशीचा उपास

हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोला अर्धं माहीत होतं, असं आता वाटतं. पण ती कधी बोलली नाही आणि मीही नाही. आता ती नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

हल्ली पेपरात येतं — समुद्रातल्या लहान माशांत विष सापडलं, लहान मासा मोठ्या माशाच्या पोटात जातो, मग पक्ष्याच्या, मग माणसाच्या. लोक कारखान्यांना शिव्या देतात. मी पेपर घडी करून ठेवतो. मी कोणाला शिव्या देऊ? समुद्र मी जन्मात पाहिला नाही. पण समुद्राचा मासा पिंपळनेरच्या बाजारात विकला — सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, आणि बोंबील.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. धुळ्याच्या एकाच वखारीतून दोघं जण माल उचलायचो — मी आणि सोनीअक्का. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, विधवा. माल एक, गोण्या एक, भाव एक. तरी लोक तिच्यासाठी थांबायचे. माझा ढीग उघडा पडलेला, मी समोर बसलेलो, आणि बाया विचारायच्या, "अक्का नही उनी का अजून?" अक्का आली नाही का, हे मलाच विचारायच्या!

ती मालातली वाळू चाळून काढायची, माल पुन्हा उन्हात घालायची, कुजकं वेचून फेकायची. मी यातलं काही करत नव्हतो. ते मला दिसत होतं, तरी मी त्याला तिचं नशीब म्हणायचो. हेवा माणसाला आंधळा करतो म्हणतात. मला उलट फार स्पष्ट दिसायचं — तिच्या टोपलीभोवती किती बाया, माझ्याकडे किती.

आमच्या धंद्यात एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की विकणाऱ्याने आधी स्वतः एक चिमूट तोंडात टाकायची, मग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. मग भाव.

त्या पावसाळ्यात माझ्या गोण्यांना किडे लागले. तेव्हा मलेरियाचे फवारणीवाले गावोगाव फिरत. माझ्या ओट्यावर जेवायला बसले, तेव्हा मी ढेकणांसाठी म्हणून थोडी डीडीटीची भुकटी मागून घेतली. आधी गोणीवर बाहेरून टाकली. मग आतून. मग — मालावर. चिमटीने, मीठ टाकावं तशी.

किडे गेले. माश्याही गेल्या. बाजारात माझी सुकट चकचकीत, वर एक माशी नाही. आणि लोक वळले! पहिल्यांदा लोक तिच्याकडून माझ्याकडे वळले. मी मोठ्याने तिला म्हणालो, "अक्का, तुना मालवर माशा दख किती!" ती हसली. "मना माल गोड शे, भाऊ. माशीले बी कयस." माशीलासुद्धा कळतं.

मग आमची मांजर मेली. गोणीतून सांडलेलं चाटायची. दिवसभर थरथरत राहिली, पाय उभे राहीनात, संध्याकाळी गेली. मला कळलं. त्याच दिवशी कळलं — हे नीट ऐका. त्या दिवसापासून आमच्या घरात आमची सुकट शिजली नाही. बाजारात मी चाखणं बंद केलं.

आणि विकणं? विकणं चालू ठेवलं. का? पैशासाठी म्हटलं असतं तर सोपं होतं. पण ती रिकामी बसलेली मला रोज बघायची होती.

कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याशिवाय. एकदा तिने नुसतं विचारलं, "तू आते चाखस नही का रे, भाऊ?" मी म्हणालो, पोट भरलंय.

पुढच्या बाजाराआधी एका शेतावरच्या निंदणीच्या बाया आजारी पडल्या. जिभेला मुंग्या, हातापायांना कापरं, उलट्या. वाचल्या, पण एक जण पुढे कितीतरी दिवस हातात विळा धरू शकली नाही. त्यांनी सुकट माझ्याकडून घेतली होती, बोंबील अक्काकडून. बाजाराच्या दिवशी त्यांची माणसं आली. "तो माल कोना व्हता?"

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी गप्प बसलो नाही. म्हणालो, "माशा कोना मालवर बसतस, ते दखा ना."

बस. एवढंच. सगळ्यांनी पाहिलं — तिच्या टोपलीवर माश्या, माझ्या ढिगावर एकही नाही. टोपली लाथेने उलटी झाली. बोंबील चिखलात.

अक्का खाली वाकली, चिखलातला एक बोंबील उचलला, पदराला पुसला आणि सगळ्यांसमोर चावून खाल्ला. मग माझ्याकडे वळली.

"तू बी खाय ना, भाऊ. तुना मालमधला."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात ढिगावर होता. एक चिमूट — आणि त्या क्षणी, विश्वास ठेवा, मला भीतीच्या आधी हेवाच वाटला. ती आपला माल खाऊ शकत होती.

"आज मना उपास शे, अक्का."

लोकांनी मान्य केलं. उपासाच्या माणसाला कोण आग्रह करणार?

त्या बाजारात तिला पुन्हा बसू दिलं नाही. डोक्यावर टोपली घेऊन ती पाड्यापाड्यांवर फिरायची, गुडघे जाईपर्यंत. बाजारात ती ज्या झाडाखाली बसायची, ती जागा मी घेतली. उरलेली गोणीही मी विकली — दुसऱ्या बाजारात, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं.

उपास नव्हता. त्या सकाळी मी दोन भाकरी खाऊन निघालो होतो. बायकोने ताटात बोंबील वाढले होते. कुठून आणले, हे मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती. चाळलेले, वेचलेले, गोड होते.