घरातलं डिप्रेशन

मिठबावच्या विनीताला डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं आणि तिथेच घात झाला.

कारण 'डिप्रेशन' हा शब्द मिठबावात कुणाला नवा नव्हता. समुद्रात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, आलं की मोबाइलवर इशारा यायचा, बंदरावर बावटा चढायचा, होड्या वर ओढल्या जायच्या. पुरुष पत्ते कुटत बसायचे आणि एके दिवशी आभाळ आपसूक मोकळं व्हायचं. त्याला औषध लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

विनीता पावसाळ्यापासूनच विझल्यासारखी झाली होती. आडाळ्यावर नारळ फोडून खवायला बसली की अर्धी खवलेली कवड हातात तशीच राहायची. भाऊबीजेला मसुऱ्याहून तिचा भाऊ गुरुदास आला, त्याने ताटात ओवाळणी टाकली, तरी ही निरांजन धरून उभीच. दुसऱ्या दिवशी भावाने तिला कुडाळला नेलं.

ती परतली तेव्हा तिचा नवरा सत्यवान पडवीत जाळं सांधत होता.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"डिप्रेशन."

नवरा खो खो हसला. "आये, आयकलंस? दर्यातला घरात इला! तीन नंबरचो बावटो लाव आता."

"येंव दे," सासू यशोदा म्हणाली. "गप रवला की जाता."

"ह्या मनाचा असता, आई."

"आमका मन नाय? तुझो सासरो गेलो तेव्हा चवदाव्या दिसा माशांची पाटी घेऊन बाजारात गेलंय मी."

गोष्ट बंदरावर गेली. "काय रे सत्यवाना, बावटो उतारलो?" "नाय रे, अजून खवळलेला आसा." दुकानात साखर घेताना विनीताने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. तरी गोळ्या ती नेमाने घेत राहिली, आणि गोळ्यांनी गुण आला. शिमग्यात सोंगं दारात आली तेव्हा ती मोठ्याने हसली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

तो यशोदेनेही ऐकला. "गेला गो बाय!"

सकाळी फळीवर गोळ्या नव्हत्या. सत्यवानाने त्या चुलीत टाकल्या होत्या. "वारो पडलो. आता नांगर कशाक?"

"बरं वाटलं तरी मधेच बंद करू नका, असा सांगितल्यानी त्येंनी."

"त्येंचो धंदो तो. खवळलंस परत?"

विनीताने चुलीतली राख भरायला घेतली. भांडली असती तर भांडण हाच आजार ठरला असता. शिवाय बावटा उतरला म्हणून लोक हसायचे थांबले होते, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिलाही मोह पडला होता.

आंबे उतरायच्या आत ते परत आलं. पण आता ती शहाणी झाली होती. कवड पुरी खवायची, बोट कापलं तरी. केस विंचरायचे. कुणी काही बोललं की हसायचं. सासू गावभर सांगू लागली, "आमची सून बघा. गोळये नाय, काय नाय. गप रवली, बरी झाली."

म्हणून तर शेजारणीने आपल्या नव्या सुनेला, सृष्टीला, मुद्दाम पाठवलं. पोरीला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, उगाच रडू यायचं.

"सांग गो तिका," यशोदा पडवीतून म्हणाली, "कसा गेला तुझा."

"आपसूक गेला," विनीता सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मग पाणी काढायच्या निमित्ताने तिने सृष्टीला मागच्या विहिरीवर नेलं.

"कुडाळाक जा. गोळये घे, सोडू नको. पण डॉक्टरीण सांगतली ता नाव घरात सांगू नको. बीपी आसा म्हणान सांग. बीपीच्या गोळयेक सासू स्वतः पाणी आणून देता."

सृष्टीने कळशी कठड्यावर ठेवली. "आणि काकी, तुमी?"

"माझ्या दुखण्याचा नाव गावभर फुटला गो."

"विनीता, चाय टाक गो!" पडवीतून हाक आली.

"टाकतंय," ती म्हणाली, अगदी बऱ्या माणसाच्या आवाजात.