पेटीतली पकड

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही हो. आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल म्हातारीला भास होतात... सायखेड्याला असताना अमावस्येला एकटी गोदावरीवर धुणं घेऊन जायची मी. पण नाशिक रोडच्या त्या दवाखान्यात, भर दुपारी साडेबाराला —

नातू सातव्या महिन्यातच झाला. वजन जेमतेम किलोभर. काचेच्या पेटीत ठेवला. सुनेचे टाके ओले, तिला उठवेना, म्हणून तिचं काढलेलं दूध मीच आत नेऊन द्यायची.

तेवढ्यात सायखेड्याहून नणंदेचा फोन. "वहिनी, मध चाटवला का नाय? त्याबिगर लेकरू अंग धरतंय व्हय? त्या डाक्टरांचं काय ऐकती, कालची पोरं ती!"

मलाही पटलं. सोनं उगाळलेला मध बारक्या डबीत घेतला, डबी कमरेला खोचली. हात कोपरापर्यंत धुतले, गाऊन चढवला, दूध सिस्टरच्या हाती दिलं. ती दूध मोजायला वळली, तशी मी बोट मधात बुडवलं आणि पेटीच्या गोल भोकातून हात घातला...

कुणीतरी माझं मनगट धरलं. आतून.

गार, इवलीशी पकड. पण सुटेना! पोराचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले, मी डोळ्यांनी बघत होते. नखं रुतायला लागली —

"आजी! बोटाला काय लावलंय?"

सिस्टर ओरडली आणि हात सुटला.

"अहो, याचं आतडं अजून कच्चं आहे. म्हणून तर आईचं दूधसुद्धा थेंबाथेंबानं देतो, रोज टेपनं पोट मोजतो. आतडं बिघडलं की पोट फुगतं, हिरवी उलटी होते, आणि मग..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही.

माझी पहिली मुलगी. आठव्या महिन्यातली. सहाव्या दिवशी मीच तिला मध चाटवला होता. पोट नगाऱ्यासारखं झालं, हिरवी उलटी... आठव्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, नजर लागली. इतकी वर्षं मीही तेच म्हणत आले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. "आजी, मधानंच गेली असं आज कोण सांगणार?" म्हणाले. मनगट दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढे पाच वण. "पेटीचं रबर लागलं असेल."

रबराला नखं असतात का हो?

नातू आईच्या दुधावर वाढला, घरी आला. वण बरोबर आठ दिवस राहिले. बारशाला नणंद मधाची वाटी घेऊन हजर! मी ती दारातूनच परत पाठवली, बसली रुसून.

माझ्या लेकीचं बारसं झालंच नव्हतं. पोराला उचलल्यावर मी रिकाम्या पाळण्यात वाकले आणि हळूच तिला एक नाव दिलं... आणि मनगट गार पडलं. तीच जागा.

हात कुणाचा होता, मला अजून उमगलेलं नाही. लेकीचाच असला, तर ती नातवाची राखण करत होती, की माझ्यावर रागावली होती — तेही नाही.